‘खो’च्या आवाजावर बोट

सामन्याचे फोटो काढायला मला अजून कुणी बोलावत नाही आणि बोलावलं तरी मी लगेच हो म्हणेन असं नाही. मी सरावाचे फोटो काढते. साताऱ्यात, आमच्या घराजवळच्या शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी पतसंस्थेतून सुटल्यावर. मुली खो-खो खेळतात आणि मी कडेला मांडी घालून बसते. सामन्यात एखादा सूर, म्हणजे पळणारीला बाद करायला मारलेली झेप, हुकला की हुकला. सरावात सर तोच सूर पुन्हा मारायला लावतात, तो जमला तरी पुन्हा मारायला लावतात. शिकाऊ माणसाला याहून चांगली सोय कुठे मिळणार?

सुरुवात भाचीमुळे झाली. तिला स्वतःचा सूर मारतानाचा फोटो हवा होता. मोबाइलवर पुष्कळ प्रयत्न झाले. मोबाइलने झूम केलं की चित्राचा लगदा होतो, शिवाय अंधार पडायला लागला की हात-पाय धुरासारखे पसरतात. चुलतभावाकडे कॅनन १५००डी कॅमेरा कपाटात पडून होता, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स (आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). लग्नात हौसेने घेतलेला. तो म्हणाला, “ने तुझ्याकडे, बुरशी धरण्यापेक्षा वापरलेला बरा.”

मैदानावर पाऊल टाकण्याआधी सरांशी बोलले. त्यांनी अटी सांगितल्या त्या आजही तशाच आहेत. फ्लॅश मारायचा नाही. मैदानाभोवती जी मोकळी लॉबी सोडलेली असते तिच्याही बाहेर बसायचं, कारण सूर मारलेली पोरगी घसरत कुठवर येईल ते तिलाही माहीत नसतं. आणि मुलींचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत, स्टेटसलाही नाही. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. पालकांच्या बैठकीत जाऊन मी कोण, काय करते, फोटो कुठे ठेवते हे सगळं सांगितलं. दोन आयांनी नको म्हटलं. त्यांच्या मुली चौकटीत आल्या तर तो फोटो घरी आल्या आल्या पुसते. वाद नाही, प्रश्न नाही.

आता कॅमेऱ्याचं. शटर स्पीड म्हणजे काय हे मला ऐकून माहीत होतं, पण ते कळलं गणित मांडून बसले तेव्हा. चपळ मुलगी सेकंदाला साधारण सहा मीटर पळते असं धरा. शटर १/२५०, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतं उघडं असेल, तर तेवढ्या वेळात ती जवळजवळ अडीच सेंटीमीटर पुढे सरकते. १/१००० ला तेच अंतर सहा मिलिमीटरवर येतं. आणि हे नुसत्या धडाचं झालं. खो द्यायला पुढे झेपावणारा हात त्याहून कितीतरी जास्त वेगात असतो, म्हणून चेहरा स्वच्छ आणि पंजा मात्र पुसट, असे फोटो १/५०० लाही येतात. उजेड आहे तोवर मी १/१००० च्या खाली उतरत नाही. डायल ‘Tv’ म्हणजे टीव्ही या खुणेवर ठेवायची (हे नाव कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा व्हिडिओचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं), शटर आपण ठरवायचं, आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद) कॅमेऱ्यावर सोडायचा आणि त्याची कमाल मर्यादा ६४०० ला बांधायची. लेन्सच्या छिद्राचा आकडा (एफ/४.५ असा लिहितात, आकडा लहान तेवढा उजेड जास्त) लुकलुकायला लागला की समजायचं, उजेड संपला, कॅमेऱ्याने हात टेकले.

फोकससाठी एआय सर्व्हो. म्हणजे विषय हलत राहिला तरी कॅमेरा त्याच्या मागे फोकस हलवत राहतो. या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत, त्यातला मधला सर्वांत भरवशाचा. नऊही चालू ठेवले की कॅमेरा कधी कधी जवळचं दुसरंच काही धरतो, आणि खो-खोत जवळ असते ती रांगेत बसलेली मुलगी. पळणारी तिच्यामागे धूसर. म्हणून फक्त मधला. चित्रात माणूस मधोमध येतो खरा, पण चोवीस मेगापिक्सेल आहेत, घरी कापून बाजूला सरकवता येतो.

ही तयारी कुणीही सांगेल. क्रिकेट असो, फुटबॉल असो, एवढं सगळीकडे सारखंच. पण एवढं करूनही माझ्या फोटोंत पाठीच पाठी यायच्या. वेण्या, जर्सीवरचे नंबर, पायाचे तळवे. मुली समोरून पळाल्याच नाहीत की काय, असं वाटावं.

उत्तर नियमांत होतं. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले, पुढे त्यात भर पडत गेली. शाळेत आपण सगळेच खो-खो खेळलेलो असतो, त्यामुळे नियम माहीत आहेत असं वाटतं. पण फोटो काढायच्या नजरेने ते वाचले तर वेगळेच दिसतात. मैदान सत्तावीस मीटर लांब, सोळा रुंद. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी, पाटीवर आठ चौक. आठ जणी चौकात बसतात, नववी पाठलाग करते. बसलेल्यांची तोंडं आलटून पालटून विरुद्ध बाजूंना. खो मिळालेली मुलगी ज्या बाजूला तोंड करून बसली आहे त्याच बाजूला उठते, कारण पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडायची मुभा नाही. पळणाऱ्या मुली मात्र कुठूनही कुठेही जाऊ शकतात.

आता हे कडेला बसून पाहा. मी एका बाजूला बसले आहे. आठपैकी चौघी माझ्याकडे तोंड करून बसल्या आहेत, चौघी पाठ करून. खो मिळाल्यावर माझ्या बाजूच्या अर्ध्या मैदानात कोण येणार? त्या पहिल्या चौघीच. पाठ करून बसलेल्या चौघी पलीकडे जाणार, म्हणजे त्यांच्यावर लेन्स रोखून मला पाठीशिवाय काही मिळणारच नव्हतं. दुसरं, एकदा खांद्याने दिशा घेतली की त्या खांबाकडेच जायचं. खांब पार होईपर्यंत मागे वळता येत नाही, वळली की सरांची शिट्टी. म्हणजे उठणारीचा डावा खांदा फिरला की उजवा, एवढं दिसलं की पुढचे दोन-तीन सेकंद ती कुठून कुठे जाणार ते मला आधीच ठाऊक. फुटबॉलचा फोटो काढणाऱ्याला हे सुख नाही.

तेव्हापासून मी चेंडूमागे धावल्यासारखी लेन्स फिरवणं सोडलं. माझ्याकडे तोंड असलेल्या चौघींपैकी एक निवडते, बहुतेक वेळा खांबापासूनची दुसरी, आणि तिच्यावर थांबते. बाकी खेळ उजव्या डोळ्याबाहेर चालू असतो, डावा डोळा उघडा ठेवायची सवय लावून घेतली आहे. ती बसलेली असते तेव्हाही चित्र असतं बरं का. एक पाय मागे टेकवलेला, बोटं मातीत रुतलेली, मान वळवून मागून येणाऱ्या साथीदाराचा अंदाज घेणारी. मग पाठीवर थाप पडते आणि “खो!”

माझी कळ त्या आवाजावर दाबली जाते. आधी मी तिच्या हालचालीची वाट पाहायचे. हालचाल दिसून, डोक्याला कळून, बोट दाबलं जाईपर्यंत ती चौकातून निघून गेलेली असायची. आवाज हालचालीच्या किंचित आधी येतो. थाप आणि ओरडणं एकाच वेळी, आणि उठणं त्यानंतर. तेवढी फट मला पुरते. आणखी एक, हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो. कळ दाबून धरली तर दोन फोटोंच्या मध्ये मुलगी दोन मीटर जाते आणि नेमका हवा तो क्षण त्या दोन मीटरमध्ये पडतो. त्यामुळे मी सलग फोटो काढायचं बंद केलं. एक खो, एक फोटो. महागड्या कॅमेऱ्यांना सेकंदाला वीस-तीस फोटोंची सोय असते, त्यांनी खुशाल धरून ठेवावी. माझ्या कॅमेऱ्याने मला कान लावायला शिकवलं.

सूर हा या खेळाचा खरा ऐवज. भाचीलाही तोच हवा होता. खांबावरचा सूर त्यातल्या त्यात सोपा, म्हणजे फोटोसाठी सोपा, मारणारीला नव्हे. खांब जागचा हलत नाही. आमच्या मैदानाचे खांब दक्षिणोत्तर आहेत. मी उत्तरेच्या खांबामागे, जरा तिरकी, सहा-सात मीटर लांब बसते. लेन्स सत्तरच्या आसपास. समोरून मुलगी खांबाकडे येते, तिच्यामागे पाटीवरची रांग आणि सगळ्यात मागे अजिंक्यताऱ्याची करडी भिंत. इतकी चांगली पार्श्वभूमी मला फुकटात मिळते. दुसऱ्या टोकाला बसले तर मागे लावलेल्या स्कूटी आणि ट्यूशनच्या जाहिरातीची भिंत.

इथे फोकस आधीच लावून ठेवायचा. या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक सोय आहे. फोकसचं काम शटरच्या बटणाकडून काढून घेऊन मागच्या तारांकित बटणाला देता येतं, जे उजव्या अंगठ्याखाली येतं. अंगठ्याने खांबावर फोकस लावायचा, अंगठा उचलायचा. आता कळ कितीही दाबा, फोकस हलत नाही. एवढ्या अंतरावर, एफ/४.५ ला, दीडेक मीटर खोलीचा पट्टा स्वच्छ येतो. तेवढ्यात सूर मारणारी अख्खी मावते.

आणि मग एकेक सूर बघत बसायचं. बाहेरून तो एक झटका दिसतो, फोटोत त्याचे तुकडे वेगळे दिसतात. मुलगी खांबाजवळ येताना शेवटची दोन पावलं आखूड करते. आतला हात खांबाला कवळ घालतो, कोपर वाकलेलं. त्या हातावर सगळं शरीर झोकलं जातं, पाय मागे जमिनीपासून सुटतात, दुसरा हात पुढे ताणलेला. या टप्प्यावर ती जमिनीला जवळजवळ समांतर असते. मान वर, नजर पळणाऱ्या मुलीच्या टाचेवर. मला हवा असतो तो हाच टप्पा. याच्या जरा आधी घेतला तर ती खांबाला टेकून उभी असल्यासारखी दिसते, जरा नंतर घेतला तर पडल्यासारखी. यात कळ दाबायचा इशारा आवाज नाही, ती आखूड पावलं. भाचीचा फोटो असाच मिळाला, एका अगदी साध्या बुधवारी, सर तिच्या कोपरावरून तिला ओरडत असताना.

मैदानात, खांबापासून दूर मारलेला सूर मात्र मला अजून धड साधत नाही. तो कुठे मारला जाईल ते पळणारीच्या हुलकावणीवर ठरतं. पेपरवाले ज्याला आकाशीय सूर म्हणतात तो कधीमधी नशिबाने चौकटीत येतो. नशिबाने आलेला फोटो मी ठेवते, पण तो काढता आला असं म्हणत नाही.

उजेडाची कथा साताऱ्याच्या भूगोलाशी बांधलेली आहे. पंचांगात सूर्यास्त सहाला असला तरी पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे, त्यामुळे मैदानावरचं ऊन त्याआधीच उठतं. सराव मात्र साडेपाचला सुरू होतो. थंडीत मला जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं कोवळं ऊन मिळतं. त्यात आधी मी पूर्वेच्या कडेला बसते, म्हणजे ऊन समोरून माझ्या डोळ्यांवर. मैदानावर पाणी मारलेलं असलं तरी पळापळीत माती उडतेच आणि त्या तिरप्या उन्हात ती पेटते. चेहरे काळवंडतात, म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, एक घर वर ढकलायचं. आकाश पांढरंफटक झालं तर होऊ द्यावं, आकाशाने काही सूर मारलेला नसतो.

ऊन गेल्यावर ५५-२५० चं काम संपतं. लांब टोकाला तिचं छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, १/१००० ला आयएसओ ६४०० वर जाऊन आदळतो आणि फोटोत रवा पडतो. इथे पन्नासची एफ/१.८ लेन्स कामाला आली. मी ती वापरलेली घेतली, कोल्हापूरहून. एफ/२ वर ठेवली तरी एफ/५.६ च्या आठपट उजेड आत घेते. म्हणजे वीस मिनिटांचा सराव आणखी पदरात पडतो. झूम नाही हे खरं. पण कडेपासून मधल्या पाटीपर्यंत आठच मीटर असतात, तेवढ्यात पन्नासमध्ये मुलगी डोक्यापासून पायापर्यंत नीट बसते. पलीकडच्या अर्ध्याचा नाद सोडायचा. लेन्स बदलायची ती मैदानाच्या फाटकाबाहेर जाऊन. तिथल्या धुळीत कॅमेरा उघडणं म्हणजे दुरुस्तीवाल्याला आमंत्रण.

मग दिवे लागतात. शाळेचे दिवे डोळ्यांना एकसारखे दिसतात, कॅमेऱ्याला दिसत नाहीत. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे असले दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत राहतात. १/१००० ला एक फोटो पिवळट, दुसरा काळपट, तिसऱ्यात वर उजेड आणि खाली अंधार. कॅमेरा बिघडला म्हणून मी तो दुरुस्तीला टाकणार होते, तेवढ्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या शेजाऱ्यांनी सांगितलं, “ताई, शटर शंभरावर आणा.” १/१०० ला दिव्याचा एक अख्खा हेलकावा पकडला जातो, सगळे फोटो एकसारखे येतात. पण १/१०० ला पळणारी मुलगी सहा सेंटीमीटर सरकते, म्हणजे पुसट. अडकित्त्यात सापडल्यासारखं झालं.

त्यातून वाट निघाली ती अशी, की मुलगी पुसट येऊ द्यायची नाही, मैदान पुसट येऊ द्यायचं. धावणाऱ्या मुलीच्या वेगाने कॅमेरा फिरवत न्यायचा आणि फिरता फिरता कळ दाबायची. कंबरेतून वळायचं, हातातून नाही, आणि कळ दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. यातही नियम धावून आले. पाठलाग करणारी मुलगी पाटीला धरून सरळ रेषेत, माझ्या समोरून आडवी पळते, तिच्यासोबत कॅमेरा फिरवता येतो. पळणारी बसलेल्यांमधून नागमोडी जाते, तिच्यासोबत कॅमेरा न्यायला गेलं की सगळंच पुसट. त्यामुळे दिव्यांखाली मी फक्त पाठलाग टिपते. दहातले आठ-नऊ वाया जातात. जो एखादा उरतो त्यात बसलेल्या मुली रंगांचे पट्टे झालेल्या असतात आणि मधून एकच चेहरा, दात आवळलेला, लख्ख.

फोटो बघण्याचीही एक गंमत आहे. मला जे आवडतात ते मुलींना आवडत नाहीत. “मावशी, ह्याच्यात माझं तोंड बघा कसलं झालंय, काढून टाका की!” मुलींना उठून दिसणारा चेहरा हवा, मला धूळ हवी. आणि सर चेहरे बघतच नाहीत. ते कॅमेऱ्याचं चित्र मोठं करून थेट पायाशी जातात. एकदा माझ्या लाडक्या फोटोकडे बघून म्हणाले, “पाय बघितला का? पाटीवर आहे. फाऊल.” मी पुन्हा पाहिलं, अंगठा खरोखर चुन्याच्या रेघेवर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच फोटो त्या मुलीला दाखवला. महिनाभर तोंडाने सांगून जे तिला पटत नव्हतं ते तिने स्वतः पाहिलं. त्यानंतर सरच सांगायला लागले, आज हिचा उठताना मागचा पाय घ्या, आज तिची खांबावरची पकड घ्या. ते फोटो दिसायला अगदी सुमार असतात. नुसता पाय, नुसतं कोपर. पण असे नेमून दिलेले फोटो काढायला लागल्यावर माझा हात जेवढा बसला तेवढा सुंदर फोटोंच्या मागे लागून बसला नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्हींत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार आपल्याकडचे. त्या आठवड्यात मैदानावर दुसरा विषय नव्हता. मुली सामन्यांचे फोटो मोबाइलवर दाखवत होत्या आणि मला विचारत होत्या, आपले असे का येत नाहीत? ते मॅटवर खेळले, छताखाली, टीव्हीसाठी लावलेल्या भक्कम दिव्यांत. रंग कसे अगदी धुतल्यासारखे. मी त्यांना एवढंच सांगितलं की तिथे धूळ नव्हती. एकीला ते पटलं. बाकीच्या म्हणाल्या, “मग आपण पण मॅट आणू.”

मॅट खरंच येणार आहे म्हणतात, पावसाळ्यापुरती, शाळेच्या सभागृहात. सभागृहाला खिडक्या एकाच बाजूला आहेत आणि छताला ट्यूबलाइटी. मी परवा रिकाम्या सभागृहात जाऊन पन्नासच्या लेन्सने खांब उभा राहील तिथे भाचीला उभं करून पाहिलं. खिडकीकडे तोंड असलं की १/५०० निघतो, पाठ असली की निघत नाही. खांब कुठल्या टोकाला रोवायचा ते अजून ठरलेलं नाही, आणि खिडकीच्या बाजूला रोवा असं सरांना कोणत्या तोंडाने सांगावं, या विचारात सध्या आहे.